दत्ताभाऊंच्या घरातल्या खुणा

परवा उज्जैनच्या हिंदी पेपरात आतल्या पानावर एक निधनवार्ता आली. त्यात नाव चुकीचं आहे. नावाआधी 'सुश्री' लावलंय, तेही चुकीचं आहे. 'भूतपूर्व व्यायाम शिक्षिका' हे तर साफ खोटं आहे. तीन ओळींच्या मजकुरात तीन चुका. वय तेवढं बरोबर असावं, पण ते मी तपासलेलं नाही, म्हणून त्याबद्दल बोलत नाही.

मी नापतौल खात्यात नोकरी करतो. दुकानदाराचा काटा खरा की खोटा, माप पुरं की अपुरं, एवढंच पाहायचं आणि खोटं असेल तर तसं लिहायचं. खोटं माप समोर दिसत असताना गप्प बसायची सवय मला नाही. म्हणून हे लिहितो आहे.

जे गेले त्यांचं नाव दत्ताभाऊ. मलखांबाचे उस्ताद. त्यांचं जन्मनाव मला ठाऊक आहे, पण ते इथे लिहिणार नाही. ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही, इतरांनी सांगितलं; म्हणजे ते माझ्या कामाचं नाही.

उज्जैनच्या एका जुन्या मराठी घरात ते मुलगी म्हणून जन्माला आले. पूर्वज दरबारी कारकून, घरात अजून त्याचा तोरा. मुलगी पँट-शर्ट घालते, केस कापते आणि 'मी मुलगा आहे' म्हणते, हे त्या घराला सोसलं नाही. विशीच्या आतच भाऊ व्यायामशाळेच्या मागच्या खोलीत राहायला आले ते कायमचे. या विषयावर त्यांच्याकडे एकच वाक्य होतं. "मी पुरुष आहे. डॉक्टरला वेगळं दिसेल, तो त्याचा प्रॉब्लेम." एवढं बोलून ते दुसऱ्या विषयाकडे वळत. गावात निम्म्यांना माहीत होतं, निम्म्यांना नव्हतं, आणि कोण कुठल्या निम्म्यात आहे याची भाऊंनी कधी चौकशी केली नाही.

बुटके, रुंद खांद्यांचे, बारीक कापलेल्या केसांचे. अंगाला कायम एरंडेलाचा वास, कारण मलखांबाला एरंडेल लावतात आणि ते पकडीतून कातडीत उतरतं. भर मे महिन्यातही गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढरा शर्ट. त्या शर्टाखाली छातीला सुती पट्टी घट्ट गुंडाळलेली असे. अंघोळ सोडली तर ती सुटत नसे. पट्टीचं हे आत्ताच सांगून ठेवतो, पुढे लागेल.

त्यांचं एक पालुपद होतं: "पोट आत, मान वर." खांबावर चढणाऱ्या पोरांना म्हणायचे ते ठीक, पण टावर चौकात पोहे खाताना शेजारच्या बाकावरच्या अनोळखी माणसालाही म्हणायचे. रस्त्यात बसलेल्या गाईला म्हणायचे. मला तर भेटले की म्हणायचे, कारण टेबलावर वाकून वाकून माझं पोट आणि मान दोन्ही नको त्या दिशेला गेलेली आहेत.

आमची ओळख एरंडेलानेच झाली. एका दुपारी ते माझ्या ऑफिसात आले, हातात तेलाचा पत्र्याचा डबा. मी उठून हात पुढे केला, तर त्यांनी कोपर पुढे केलं.

"हात तेलकट आहेत. कोपर मिळव."

मी कोपर मिळवलं. पुढे सगळा काळ आम्ही तसेच भेटलो.

"साहेब, हा डबा पाच किलोचा म्हणून घेतला. पाच नाही."

"कशावरून?"

"उचलला."

उचलून वजन सांगणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, बहुतेक चुकतात. मी डबा काट्यावर घातला. कमी भरला. मग आम्ही दोघे दुकानावर गेलो. दुकानातला काटाच खोटा निघाला. पकडला गेलेला माणूस करतो तेच दुकानदाराने केलं, विषय बदलला. भाऊंना वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाला, "पहले ये बता, तू है क्या? आदमी है कि औरत?"

दुकानातली गिऱ्हाइकं थांबली. मीही थांबलो.

भाऊ म्हणाले, "गिराहक हूँ. तेल कम है."

मी काटा जप्त केला. परत येताना भाऊ म्हणाले, "इन्स्पेक्टर, तुझं काम चांगलं आहे. वस्तू तोलायची, माणूस नाही." तेव्हापासून मी त्यांच्यासाठी 'इन्स्पेक्टर' झालो, आणि माझी बायको मंगल 'वहिनी'. रविवारी सकाळी ते आमच्याकडे चहाला येत. चहा बशीत ओतून, बशी दोन्ही कोपरं टेबलावर टेकवून धरत, जणू तीही घसरून पडेल.

दुसरी गोष्ट साडीची. व्यायामशाळेचा वर्धापन दिन होता. कमिटीचे सचिव म्हणून एक गृहस्थ होते. फ्रीगंजात त्यांचं टीव्हीचं दुकान होतं, नुकतंच केबलचं कनेक्शन देऊ लागले होते आणि त्यामुळे स्वतःला फार पुढचे समजत. आमच्याकडे पुरुषांचा सत्कार शाल-श्रीफळ देऊन करतात, बायकांचा साडी-चोळी देऊन. सचिवांनी माईकवर भाऊंचं जन्मनाव पुकारलं आणि ताटात साडी ठेवली. मोरपिशी, जरीकाठी. मुद्दाम केलेलं होतं. मांडवात हसू फुटायला लागलं.

भाऊ उठले नाहीत. सचिवांनी पुन्हा पुकारलं. भाऊ बसूनच. शेवटी सचिव म्हणाले, "दत्ता उस्ताद, आइए भी."

"हां, अब आया." भाऊ स्टेजवर गेले. साडी घेतली, घडी मोडली, पोत बोटांनी चोळून पाहिला आणि माईकमध्ये म्हणाले, "कपडा अच्छा है. खंबा पोंछने के लिए कब से माँग रहा था. कमिटी का धन्यवाद."

खरोखरच त्या साडीचे तुकडे करून ते खांबाजवळच्या खिळ्याला लटकवले. जुनं तेल पुसल्याशिवाय नवं लावता येत नाही, त्यामुळे कापड रोजच लागतं. सचिव येत तेव्हा कुणीतरी पोरगा हमखास जरीच्या तुकड्याने खांब पुसत असे.

आता मुख्य गोष्ट. ब्याण्णवचा सिंहस्थ झाला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली. भाऊंचा चेहरा पिवळट दिसू लागला होता. दोनदा खांबावरून उतरताना झोक गेला. एका रविवारी चहा तसाच ठेवून ते मंगलला म्हणाले, "वहिनी, एक खासगी बोलायचंय. इन्स्पेक्टर बसला तरी चालेल, त्याला कळणार नाही."

मला कळलं. कित्येक महिने खूप रक्त जात होतं. पाळी हा शब्द त्यांनी उच्चारला नाही, "ती भानगड" म्हणाले. मंगलने कपाळाला हात लावला. "भावजी, इतके दिवस अंगावर काढलंत?"

"दाखवू कुणाला? बायकांच्या डॉक्टरकडे बायकांच्या रांगेत बसू?"

मंगलने त्यांना हात धरून नेलं, मागे मी. फ्रीगंजात एका डॉक्टर मॅडमचं छोटं नर्सिंग होम होतं. मॅडम मूळच्या भोपाळच्या, पन्नाशीच्या, मराठी समजणाऱ्या, कमी बोलणाऱ्या. तपासून म्हणाल्या, गर्भाशयात मोठ्या गाठी आहेत, रक्त फारच कमी झालंय, पिशवी काढावी लागेल. मग जरा थांबून, ही बातमी बायकांना सांगताना लागते तशी आवाजात माया आणून म्हणाल्या, "देखिए, दिल छोटा मत कीजिए."

भाऊ हसायलाच लागले. "मॅडम, निकालिए. मैंने कब कहा था रखने को?"

मॅडमनी चष्मा काढून त्यांच्याकडे नीट पाहिलं. भाऊ पुढे म्हणाले, आणि हे मी तिथे बसून ऐकलेलं आहे, "ऑपरेशन से नहीं डरता. बाद के दिनों से डरता हूँ. बायकांच्या वॉर्डात, बायकांचा गाऊन घालून, येणारी-जाणारी प्रत्येक बाई 'बिचारी' म्हणणार, सिस्टर दर तासाला ते नाव पुकारणार. त्यातून मी बरा होणार नाही, मॅडम. टाके भरतील, मी नाही भरणार. त्यापेक्षा आहे ते बरं आहे."

"जैसा है वो ठीक नहीं है," मॅडम म्हणाल्या. "ऐसे ही चला तो मर जाओगे."

"मग पुरुष म्हणून मरेन."

हे नाटकी वाटेल, पण त्यांनी ते अगदी भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. मंगल रडायला लागली. मॅडम मात्र चिडल्या. पेन टेबलावर आपटून म्हणाल्या, "मरने की बात मेरे यहाँ नहीं. क्या-क्या चाहिए, बोलो."

भाऊंनी मागितलं ते फार नव्हतं. वॉर्डात ठेवू नका. उस्ताद किंवा दत्ताभाऊ म्हणा, दुसरं काही नको. गाऊन नको. सोबतीला इन्स्पेक्टर आणि वहिनी.

मॅडमनी विचार केला. कॉरिडॉरच्या टोकाला चादरी-गाद्या ठेवायची खोली होती, ती रिकामी करते म्हणाल्या. पोटावर टाके असताना पायजम्याची नाडी काचते, म्हणून गाऊनऐवजी लुंगी, सैल, कमरेच्या वर नेसलेली. ती तर उलट बरी. नावाचं सिस्टरला सांगते. "और एक बात मेरी. छाती की पट्टी उतरेगी."

"नहीं उतरेगी."

मी आधी सांगितलं ती पट्टी. मॅडमनी समजावून सांगितलं: मोठ्या ऑपरेशननंतर पोट दुखतं म्हणून माणूस आखूड श्वास घेतो, त्यात छाती आवळलेली असली तर फुप्फुसात खालपर्यंत हवा जात नाही, कफ साठतो, न्युमोनिया होतो. भाऊ आयुष्यभर पोरांना श्वास शिकवत आले होते, त्यांना हे दुसऱ्याने सांगायला नको होतं. ते मॅडमना मान्य करत होते आणि तरीही नाही म्हणत होते. पट्टीशिवाय त्यांना गेल्या कित्येक वर्षांत कुणी पाहिलेलं नव्हतं. त्यांनी स्वतःही, मला वाटतं, फारसं पाहिलं नव्हतं.

बोलणं तिथेच अडलं. आम्ही उठलो. दारात मंगल एकदम म्हणाली, "थंडी असती तर काही प्रश्नच नव्हता. जाड बंडी घातली असती."

"थंडी कुठून आणू, वहिनी?"

"थंडी नको. बंडी मी आणते."

आमच्या घरी एक जुनी रजई होती. मंगलने ती उसवली. पुढून दोन पदर आणि मध्ये कापूस, त्यावर मोठे मोठे चार खिसे. पाठीला मात्र पातळ मलमल, म्हणजे उकाड्यात जीव जाणार नाही. आतून इतकी सैल की हवं तेवढं फुप्फुस भरा. बाहेरून पाहणाऱ्याला जाडजूड छातीचा एक पुरुष दिसेल, खिशात तपकिरीची डबी आणि चष्मा ठेवणारा. भाऊंनी ती घालून आमच्या कपाटाच्या आरशात पुढून पाहिलं, बाजूने पाहिलं. खोल श्वास घेतला. मग आणखी एक, आणखी खोल. कोपराने मंगलच्या कोपराला अलगद टोचलं.

ऑपरेशनच्या दिवशी ठरलं होतं ते असं: गुंगी चढेपर्यंत पट्टी राहील, आणि गुंगी उतरायच्या आत बंडी अंगावर असेल. मंगल थिएटरच्या दाराशी बंडी हातावर घेऊन उभी राहिली. बटणं डॉक्टर मॅडमनी स्वतः लावली, असं मंगलने मला सांगितलं. मी ते पाहिलं नाही. मी पाहिलं ते एवढंच, की ट्रॉली बाहेर आली, भाऊंचा हात शुद्ध येताच सगळ्यात आधी छातीवर गेला, खिसे चाचपले आणि मग हात खाली पडला.

दुसऱ्या दिवशी ड्युटी बदलली आणि नवी सिस्टर आली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिने तेच जुनं नाव घेऊन म्हटलं, "बाई, मुँह खोलो. दर्द की गोली."

भाऊंनी डोळे मिटले. तोंड बंद. वेदना होत होत्या हे कपाळावरच्या घामावरून दिसत होतं. सिस्टर पुन्हा म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "इनको समझाओ. दर्द किसको हो रहा है, मेरे को?"

मी म्हटलं, "सिस्टर, त्या नावाचं इथे कुणी नाही."

"कागज पे तो है."

भाऊंनी डोळे न उघडता सांगितलं, "तो कागज को खिला दो."

सिस्टर तणतणत गेली. थोड्या वेळाने मॅडमचा आवाज आला, शब्द कळले नाहीत. सिस्टर परत आली, दारात थांबली, आणि जरा फुरंगटूनच म्हणाली, "उस्ताद, गोली."

भाऊंनी लगेच आ केला. गोळी गिळून म्हणाले, "बेटी, तुझा श्वास फार वर वर चालतो. पोट आत, मान वर." ती हसली. संध्याकाळी ती त्यांच्याकडून श्वास शिकत होती आणि ते तिच्याकडून खोकताना पोटाला उशी कशी दाबून धरायची ते शिकत होते. सिस्टर म्हणाली, "और अभी पोट आत नहीं करना, उस्ताद. पेट को छोड़ दो. सिर्फ मान वर." त्यांच्या पालुपदाचं अर्धं माप काढून घेतल्यामुळे भाऊ थोडे खट्टू झाले, पण ऐकलं.

भेटायला येणाऱ्यांनी मात्र दोन वेगळेच गोंधळ केले. भाऊंची एक म्हातारी मावशी बाळंतिणीला आणतात तसा डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन आली. आणि आखाड्यातली पोरं आली ती चामड्याचा हर्नियाचा पट्टा घेऊन. मी त्यांना 'पोटाचं ऑपरेशन' एवढंच सांगितलं होतं, कारण तेवढं खरं होतं. पहिलवान माणसाच्या पोटाचं ऑपरेशन म्हणजे हर्निया, हे त्यांनी आपापसात ठरवून टाकलं होतं. सगळ्यात मोठा शिष्य गोलू, अंगाने भरलेला, लग्नाला आलेला, तो पट्टा दोन्ही हातांवर घेऊन उभा. "उस्ताद, एक नंबर क्वालिटी है. टावर चौक से लाये."

भाऊंनी लाडू खाल्ले, पट्टा खुंटीला लावला. "लाडवाला काय कळतंय कोण खातंय," म्हणाले.

घरी सोडताना मॅडमनी मुख्य अट सांगितली: पोट उघडून केलेलं ऑपरेशन आहे, वजन उचलायचं नाही. आता भरलेला लोटा, बस. पुढे मी सांगेन तसं वाढवायचं. आणि रोज चालायचं, अंथरुणावर पडून राहायचं नाही.

"लोटा म्हणजे किती?" मी विचारलं.

"अरे भई, लोटा यानी लोटा."

हे उत्तर मला पुरेना. लोटे काय, अनेक मापांचे असतात. मी माझा घरचा ताणकाटा घेऊन भाऊंच्या खोलीवर गेलो आणि तिथली प्रत्येक वस्तू तोलली. तांब्या, बादली अर्धी, बादली भरलेली, स्टोव्ह, घासलेटचा डबा, ट्रंक, एरंडेलाचा डबा, व्यायामाचे लाकडी मुद्गल, ज्या स्टुलावर बसून ते पोरांवर ओरडत ते स्टूलसुद्धा. मग मॅडमना विचारून चालेल त्या वस्तूला खडूची पांढरी खूण केली, चालणार नाही तिला गेरूची लाल. पहिल्या दिवशी खोलीत जवळजवळ सगळं लाल होतं. भाऊ मधोमध लुंगी-बंडीत बसून ते पाहत होते.

"इन्स्पेक्टर, माझ्या घरावर जप्ती आणलीस."

"वेळेवर सोडवून देतो."

मॅडम वजन वाढवत गेल्या तशी मी गेरू पुसून खडू लावत गेलो. स्टूल सुटलं, अर्धी बादली सुटली. भाऊ रोज पहाटे चालायचे, आधी व्यायामशाळेच्या अंगणात, मग गल्लीच्या तोंडापर्यंत, मग पार रामघाटापर्यंत. घाटावरचे पंडे त्यांना ओळखत. एकाने विचारलं, "उस्ताद, ये गर्मी में बंडी?" भाऊ म्हणाले, "फॅशन. टीव्ही नहीं देखते क्या, अब तो घर-घर में केबल है."

एकदा मंगल जेवण घेऊन गेली तर भाऊंच्या हातात मुद्गल.

"भावजी, तो लाल आहे."

"वहिनी, मला रंग नीट दिसत नाहीत."

"मग डोळ्यांचंही ऑपरेशन करून घेऊ. मॅडमच्या ओळखीचा आहे एक."

मुद्गल खाली गेला.

इकडे सचिव स्वस्थ नव्हते. त्यांना ऑपरेशन कसलं ते कुठून तरी कळलं होतं. पावसाळ्याच्या शेवटाला एका संध्याकाळी ते हार-नारळ घेऊन आखाड्यात आले. सगळी पोरं जमलेली, भाऊ स्टुलावर, अंगात बंडी. सचिव गोड आवाजात म्हणाले, आता प्रकृती नाजूक, कमिटीने इंदूरहून नवा शिक्षक बोलवायचं ठरवलंय, भाऊंना पाहिजे तर त्यांनी मोहल्ल्यातल्या महिलांना योगासनं शिकवावीत. मग पोरांकडे वळून हसत म्हणाले, "हर्निया का ऑपरेशन तो आदमियों का होता है. पूछो अपने उस्ताद से, इनका काहे का हुआ."

मी तिथे होतो. पोरांनी माना खाली घातल्या. काहींना ठाऊक असणार, काहींना नसणार. भाऊ स्टुलावरून उठले. उठताना त्यांनी पोटावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

"पूछने की जरूरत नहीं. बच्चेदानी का हुआ. गाठी होत्या, रक्त जात होतं, पिशवी काढून टाकली. माझ्या अंगात चुकून आलेली वस्तू होती, गेली. मी काल तुमचा उस्ताद होतो, आजही आहे. शिक्षक बदलायचा तर मी चढू शकत नाही म्हणून बदला, त्या दिवशी मी स्वतः किल्ली देईन. तोवर नाही. आता कुणाला काय विचारायचंय ते विचारा. पुन्हा वेळ देणार नाही."

मग मागून गोलूने हात वर केला. सचिवांचा चेहरा खुलला.

"उस्ताद, तो वो पट्टा वापस कर दूँ? दुकानवाला ले लेगा."

"बिल आहे?"

"है."

"मग कर."

आधी एक जण हसला, मग सगळे. भाऊही पोट धरून हसले, अगदी सिस्टरने शिकवल्यासारखं दाबून धरून. सचिव हार हातातच घेऊन उभे होते. भाऊ त्यांना म्हणाले, "दसऱ्याला या. खांबालाच विचारू."

त्या दिवसापासून दसरा ही एकच गोष्ट आमच्या घरात बोलली जाऊ लागली. मॅडम आधी नाही म्हणाल्या, मग तपासून बघते म्हणाल्या, मग टाक्यांच्या जागी बोट दाबून, खोकायला लावून, उठाबशा काढायला लावून म्हणाल्या, चढायला हरकत नाही, पण उडी मारायची नाही आणि उलटं लटकायचं नाही. मी घरी येऊन भाऊंच्या खोलीतलं शेवटचं गेरू पुसलं. मुद्गल पांढरे, ट्रंक पांढरी, भरलेली बादली पांढरी.

दसऱ्याच्या सकाळी खांबाला झेंडूची माळ घातली होती. गोलूने जरीच्या फडक्याने जुनं तेल पुसून नवं लावलं. सचिव आले होते, सोबत कमिटीची दोन माणसं. डॉक्टर मॅडम पण आल्या होत्या, भिंतीशी हाताची घडी घालून उभ्या. भाऊंनी बंडी काढून मंगलच्या हातात दिली. आत पट्टी होती आणि वर शर्ट, नेहमीसारखा गळ्यापर्यंत. ते माझ्याजवळ आले.

"इन्स्पेक्टर, एक वस्तू राहिली."

"कुठली?"

"मलखांबावर माणूस काय उचलतो? स्वतःला." त्यांनी माझ्याकडे पाठ केली. "खूण कर."

खडू खिशात होता. मी मॅडमकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. मग मी त्यांच्या उजव्या खांद्यावर, शर्टावर, पांढरी रेघ ओढली.

ते चढले. पूर्वीसारखं सर्रकन नाही. एकेक पकड जागेवर बसली आहे ना ते पाहून, मधे एकदा थांबून, श्वास घेऊन. मंगलने माझा दंड धरला होता, नखं रुतली. टोकाला पोचल्यावर त्यांनी मांड्यांनी खांब धरला, दोन्ही हात सोडले आणि सलामी दिली. उडी मारली नाही. मॅडमनी परवानगी दिली नव्हती, आणि दिलेला शब्द भाऊ तसाच पाळत. वरूनच सचिवांकडे पाहून म्हणाले, "सचिवजी, पोट आत, मान वर!"

सचिवांना मान वर करावीच लागली. दुसरीकडे पाहायला जागाच नव्हती.

इंदूरचा शिक्षक आला नाही. भाऊ पुढे अनेक वर्षं शिकवत राहिले. खोलीतल्या खुणा त्यांनी कधी पुसल्या नाहीत. घासलेटच्या डब्यावरची रेघ दर वेळी डबा बदलला की स्वतः नव्याने ओढत.

माझी सागरला बदली झाली ती पुढच्या सिंहस्थाच्या आधी. निघायच्या आदल्या दिवशी मी तिकिटासाठी नानाखेड्याच्या बसस्टँडवर गेलो होतो. तिथे मला भाऊ दिसले ते शेवटचे.

ते एका माणसाला बसमध्ये बसवून द्यायला आले होते. पस्तिशीचा, सडपातळ, शाजापूरकडचा शिंपी. भर उन्हात अंगात जाड बंडी. ती मी लांबूनच ओळखली, खिसे मंगलचे होते. नंतर कळलं, डॉक्टर मॅडमनी ती टोकाची खोली पुन्हा गाद्यांसाठी वापरलीच नव्हती. भाऊंसारखं कुणी आलं की त्या भाऊंना निरोप पाठवत, आणि भाऊ फिरून परत येणारी तीच बंडी घेऊन जात, शेजारी बसत, श्वास घ्यायला लावत, कॉरिडॉरमधून चालवत. मला हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. मी कोपर पुढे केलं, त्यांनी मिळवलं.

कंडक्टर टपावर सामान चढवत होता. त्या शिंप्याकडे पाहून ओरडला, "बाई, पेटी ऊपर दो!"

शिंपी पेटीकडे वाकला. भाऊंनी त्याला मागे सारलं, पेटी स्वतः उचलून क्षणभर हातात तोलली आणि वर दिली. "भाईसाहब की पेटी है. सँभालके." मग मला म्हणाले, "इन्स्पेक्टर, खडू आहे?"

होता. पण त्यांनी तो मागून घेतला तो शिंप्याला द्यायला. "ही लाल होती. घरी गेलास की बाकीचं तूच तोल. या साहेबासारखं."

बसने हॉर्न दिला. शिंपी चढला, पोटावर हात ठेवून सावकाश खिडकीशी बसला. कंबरेत वाकलेला, नजर मांडीवर. भाऊंनी खिडकीच्या गजावर कोपराने टकटक केलं.

"पोटाचं राहू दे अजून," ते म्हणाले. "मान वर."

बस हलली. धुळीतून मला दिसलं, त्याने मान वर केली होती.